आखूड पायांचें पिलूं आणि त्याचे खेळ

ज्या घरीं डॅशहुंडाचें पिलूं येतें, तेथें दोन पक्ष पडतात. मुलें त्यास माडीच्या जिन्यावर पळवितात, पलंगावरून उड्या मारावयास लावितात. आजींना त्याचे बांकदार पाय पाहून मुडदुसाची शंका येते. हे पाय बहुधा जन्मजातच. जर्मनींत बॅजर नांवाच्या प्राण्यामागें बिळांत शिरण्यासाठीं ही जात जोपासली गेली. मात्र पाय दिवसेंदिवस अधिक वांकूं लागल्यास मनानें कॅल्शियम न देतां अकोल्याच्या पशुवैद्यकीय संस्थेंत दाखवावें. अमरावतीहूनही तें एका दिवसांत जाऊन येण्याजोगें आहे.

उड्यांविषयीं आमचें मत कठोर आहे. या जातींत मणक्यांमधील चकत्या कोवळ्या वयांतच कठीण होऊं लागतात; पुढें एखादी सरकून मज्जारज्जूवर दाबली, तर मागचे पाय लुळे पडतात. जिना बंदच ठेवावा. उचलतांना छाती व मागचा भाग दोहोंना आधार द्यावा.

त्याचें खरें भांडवल नाक! अंगणांत टोपलीखालीं भाकरीचा तुकडा लपवावा, खोक्यांचा बोगदा करावा. पिलूं घटकाभर रमेल. फिरणें पहाटेच, कारण उन्हाळ्यांत वऱ्हाडांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि याचें पोट भुईपासून चार बोटांवर. खेळांतले तुकडे रोजच्या अन्नांतूनच काढावे. एकत्र कुटुंबांत दहा ताटांतून दहा तुकडे मिळतात, आणि वाढलेलें वजन त्या लांब पाठीवरच पडतें. हें आजोबांनाही सांगावें लागेल.