एका ओळीचा शेरा

गेल्या रविवारी चिकपेटेत, एका स्नेह्यांच्या माडीवर, आम्हां महाराष्ट्रीय मंडळींची नित्याची बैठक भरली होती. बोलण्याच्या ओघात नाथमाधवांचे नाव निघाले आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी निकाल देऊन टाकला, "नाथमाधव म्हणजे 'वीरधवल'. पोरवयात वाचावे आणि विसरून जावे!" सारे हसले.

मी अदबीने विचारले, "साहेब, त्यांचे दुसरे काय वाचलेत?"

"दुसरेही आहे काय?"

हे अज्ञान एकट्या त्यांचे नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

'वीरधवल' अद्भुतरम्य आहे, त्यातील साहसे संभाव्यतेच्या काट्यावर उतरत नाहीत, हे मला मान्य आहे. परंतु एका पुस्तकावरून अवघ्या आयुष्याचा निकाल लावणे हा कोठला न्याय? द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८) ऐन तारुण्यात सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. अंथरुणास खिळलेल्या त्या माणसाने लेखणी उचलली. १९१३ साली 'वीरधवल' आले. वाचकाला रानोमाळ दौडविणाऱ्या लेखकाचे स्वतःचे पाय तेव्हा निकामी झालेले होते! अशा लेखनाला 'पोरकट' म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावयास नको काय?

शिवाय ते तेथेच थांबले नाहीत. 'डॉक्टर', 'रायक्लब' यांसारख्या सामाजिक कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्या बोधप्रद आहेत, पसरट आहेत, असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणावे, पण वाचून म्हणावे. आणि ज्या बंगळुरात बसून आपण हसलो, ते १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होते. त्यांच्याच पुत्राच्या राज्यस्थापनेची कथा नाथमाधवांनी 'स्वराज्याचा श्रीगणेशा'पासून कादंबऱ्यांच्या मालिकेत सांगितली. परमुलखात आपल्या मुलांना या भूमीशी असलेले आपले नाते सांगावयाचे, तर हे साधन हाताशी आहे.

आपण नोकरदार माणसे. वर्षभर राबल्यावर वार्षिक अहवालात एका ओळीचा प्रतिकूल शेरा पडला, तर आपली झोप उडते, "माझे बाकीचे काम पाहिले कोणी?" असे आपण तावातावाने विचारतो आणि दुसऱ्याच दिवशी निवेदन धाडतो. नाथमाधवांना निवेदन करता येत नाही. त्यांच्या वतीने माझे एवढेच मागणे आहे: शेरा मारण्यापूर्वी सबंध फाईल वाचावी.