हिरवी-पिवळी वायर

आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने विजेवर लिहावं का? लिहावं. कारण ज्यांना त्यातलं कळतं ते "चालतंय हो" म्हणून गप्प बसतात.

आमची लेक ॲमस्टरडॅमला असते हे नेहमीच्या मंडळींना ठाऊक आहेच. तिथे २०२५ पासून शहराच्या मध्यभागातल्या कालव्यांत हौशी बोटींनी धूर सोडायचा नाही असा नियम आला. (काहींना सवलतीची मुदत मिळाली, ते असो.) नियम उत्तमच. पण बोट विजेची झाली की तिला काठावरून वीज पाजावी लागते, आणि वीज नि पाणी यांचं सख्य नाही हे गीझर असलेल्या घरातलं पोरही सांगेल.

तर लेकीच्या एका शेजाऱ्याने केबलमधली अर्थची वायर, ती हिरवी-पिवळी, चक्क कापून टाकली आहे. कारण अगदीच खुळं नाही हो. काठावर वीज घेणाऱ्या सगळ्या बोटी या वायरीने एकमेकींना जोडल्या जातात. वेगवेगळे धातू, मध्ये पाणी... झाला की भलामोठा सेल! त्यात कुणाचा तरी पत्रा झिजतो. वायर कापली, पत्रा वाचला.

आणि माणूस? चार्जरमध्ये बिघाड झाला तर विजेची परतीची सोपी वाट बंद. मग ती बोटीच्या अंगातून पाण्यात उतरते. पाणी जितकं गोडं तितकं हे वाईट, कारण आपलं शरीर गोड्या पाण्यापेक्षा खारट. वीज पोहणाऱ्याच्या अंगातून जाते. स्नायू आखडतात, हात मारता येत नाही, माणूस बुडतो. अंगावर खूणसुद्धा नसते. उन्हाळ्यात त्याच कालव्यात पोरं उड्या मारतात. आमचा नातू त्यातलाच एक.

झिजेवर उपाय आहे ना! गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची डबी गंजवणारा बारीक प्रवाह अडवते आणि बिघाडाचा मोठा प्रवाह जाऊ देते. पैसे असतील तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. काठावर ३० मिलिॲम्पिअरचा ईएलसीबी मात्र हवाच. केबल आधी बोटीला लावायची, मग काठावर, काढताना उलट. रिळावर गुंडाळलेली केबल तशीच वापरली तर तापते, पूर्ण उलगडावी. आणि लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, तिथल्या हिवाळ्यात हे विसरून चालत नाही. घाई तर कुणालाच नसते. १६ ॲम्पिअरच्या निळ्या सॉकेटमधून साडेतीन किलोवॅट मिळतात, छोटी बोट रात्रभरात आरामात भरते.

माझं मत कुणाला कडक वाटेल. विजेचीच बोट हवी असा नियम करणाऱ्याने केबल तपासायची जबाबदारीही घ्यावी. आपल्याकडे इमारतीची लिफ्ट तपासतात, तशी दरवर्षी. शेजाऱ्याच्या शहाणपणावर सोडायची ही गोष्ट नव्हे.

लेक म्हणाली, "आई, इथे असं दुसऱ्याला कुणी सांगत नाही." मी सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, नातवाचा पोहतानाचा फोटो समोर धरून. इलेक्ट्रिशियनला बोलावतो म्हणालाय. तोवर नातवाचं पोहणं तरणतलावात.