‘यलो झोन होणार’ म्हणून प्लॉट घेताय? आधी आराखडा कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहा

पुणे : हवेली, मुळशी, मावळ, खेड, शिरूर भागात प्लॉटिंगच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं, ‘लवकरच यलो झोन’. म्हणजे आज शेती विभागात असलेली जमीन उद्या रहिवासी होणार. या एका वाक्यावर गुंठ्याचा भाव वाढतो. पण ‘होणार’ आणि ‘झाला’ यात किती अंतर असतं, हे पीएमआरडीएच्या आराखड्याने दाखवून दिलं आहे.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झालं. २०२१ मध्ये त्याने प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर सुमारे ६७ हजार हरकती आल्या, सुनावण्या झाल्या. आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो प्रारूप आराखडाच रद्द करायचं ठरवलं. त्यातला पिवळा रंग बघून ज्यांनी जादा भाव मोजला, त्यांच्या हातात आता १९९७ च्या प्रादेशिक योजनेतला जुनाच झोन राहिला.

प्रारूप म्हणजे मंजुरी नव्हे

नगररचना कायदा १९६६ चा आहे. आधी इरादा जाहीर होतो, मग सध्याच्या जमीन वापराचा नकाशा, मग प्रारूप, हरकती, सुनावणी, आणि शेवटी सरकारची मंजुरी. मंजुरीपर्यंत झोन बदलू शकतो, रस्त्याची आखणी सरकू शकते, आरक्षण पडू किंवा उठू शकतं.

पण प्रारूपाकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. ते प्रसिद्ध झालं की बांधकाम परवानगी देताना त्याचा विचार करावा लागतो. म्हणजे प्रारूपातल्या पिवळ्या रंगाची खात्री नाही, आणि त्यातला रस्ता किंवा आरक्षण मात्र तुमची परवानगी अडवू शकतं.

सातबारा कोरा, तरी आरक्षण

अनेकजण सातबारा पाहून निर्धास्त होतात. सातबारा मालकी, क्षेत्र, बोजा सांगतो. झोन आणि आरक्षण बहुतेक वेळा त्यावर नसतं. दस्त नोंदला, मुद्रांक शुल्क भरलं, म्हणजे घर बांधायला परवानगी मिळाली असंही नाही. ते खातं वेगळं, हे वेगळं.

त्यासाठी गट नंबर टाकून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्यावा. गाव ज्या नियोजन प्राधिकरणाकडे असेल, त्याच्याकडून. हे नीट तपासा, कारण २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत गेली. पुढे त्यातल्याच फुरसुंगी आणि उरुळी देवाचीसाठी वेगळी नगर परिषद झाली. दाखल्यावर तारीख बघा, आणि तो मंजूर योजनेवरून दिलाय की प्रारूपावरून, तेही वाचा.

ज्यांची जमीन आरक्षणात आहे

मंजूर आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालकाला कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. आपोआप काही होत नाही, नोटीस द्यावीच लागते.

नवीन आराखडा येईल तेव्हा हरकतीची मुदत ठरलेली असेल. आपला गट नंबर नकाशात शोधा, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तोवर कुणी ‘होणार’ म्हणून टोकन मागितलं, तर आधी झोन दाखला मागा.