पोलिसांचा फोटो काढला तर दहशतवादाचा गुन्हा? ब्रिटनमधला कायदा काय सांगतो

लंडनच्या रस्त्यावर पोलीस कुणाला तरी अडवून चौकशी करत आहेत. तुम्ही मोबाइल काढून शूटिंग सुरू करता आणि एक अधिकारी दरडावतो, ‘बंद करा, दहशतवादविरोधी कायद्यात याला मनाई आहे.’ खरंच आहे का?

नाही. पण अधिकारी असं का म्हणू शकतो, हे समजून घ्यायला हवं.

ब्रिटनच्या ‘टेररिझम अ‍ॅक्ट २०००’ मध्ये नंतर घातलेलं कलम ५८-ए हे १६ फेब्रुवारी २००९ पासून लागू झालं. दहशतवादी कृत्य करणाऱ्याला उपयोगी पडेल अशी पोलीस, लष्कर किंवा गुप्तचर यंत्रणेतल्या व्यक्तीची माहिती मिळवणं किंवा प्रसिद्ध करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. कमाल शिक्षा तेव्हा १० वर्षांची होती, २०१९ मध्ये ती १५ झाली. कलमात ‘फोटो’ हा शब्दच नाही. अडचण आहे ती ‘उपयोगी पडेल अशी माहिती’ या रबरी शब्दरचनेत. सबळ कारण असेल तर बचाव करता येतो, पण तो पुढे कोर्टात. रस्त्यावर अर्थ लावणार तो समोरचा अधिकारीच. म्हणूनच कलम लागू झालं त्याच दिवशी फोटोग्राफर कॅमेरे घेऊन स्कॉटलंड यार्डसमोर निदर्शनांना जमले.

ही भीती अवाजवी होती का? दीड महिन्यातच, १ एप्रिल २००९ ला, लंडनमध्ये जी-२० परिषदेविरोधातल्या निदर्शनांच्या वेळी घरी निघालेला एक वर्तमानपत्र विक्रेता कोसळून मरण पावला. आधी सांगितलं गेलं, हृदयविकाराचा झटका. सहा दिवसांनी एका बघ्याने काढलेला व्हिडिओ ‘गार्डियन’ने दाखवला. त्यात एक पोलीस त्याला दंडुक्याने मारून मागून ढकलताना दिसत होता. २०११ मध्ये मृत्यूच्या चौकशीतल्या ज्यूरीने ही बेकायदा हत्या ठरवली. पुढे फौजदारी खटल्यात तो पोलीस निर्दोष सुटला, पण नोकरी गेली. तो व्हिडिओ नसता तर?

सरकारने त्याच वर्षी परिपत्रक काढून खुलासा केला की, हे कलम साध्या फोटोग्राफीसाठी नाही. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. ही सूट कलमातच लिहायला हवी होती.

आज लंडन पोलिसांची स्वतःचीच सूचना सांगते की, सार्वजनिक ठिकाणी पोलिसांचं चित्रीकरण करायला परवानगी लागत नाही. मात्र कामात अडथळा आणला तर तो वेगळा गुन्हा. दहशतवादाचा वाजवी संशय असेल तर कलम ४३ खाली झडती घेता येते, मोबाइलमधले फोटो पाहता येतात, पुरावा म्हणून मोबाइल जप्तही होऊ शकतो. फोटो डिलीट करायला लावण्याचा अधिकार मात्र रस्त्यावरच्या अधिकाऱ्याला नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागतो.