अर्धा उजेड आरपार, अर्धा माघारी

रात्री नंदीग्राम एक्सप्रेसच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला काचेत दोन गोष्टी एकदम दिसतात. किनवट स्टेशनचे मागे पळणारे दिवे आणि त्यांच्यावर तरंगणारा स्वतःचा चेहरा. दिवसा तीच काच नुसती पारदर्शक वाटते. काच मात्र दिवसरात्र एकच काम करते. तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के, म्हणजे दोन्ही मिळून सुमारे 8 टक्के उजेड ती परत पाठवते आणि बाकीचा आरपार जाऊ देते. दिवसा बाहेरच्या लख्ख उन्हापुढे हे 8 टक्के हरवून जातात. रात्री बाहेर अंधार असतो, म्हणून डब्यातल्या दिव्याचा तेवढाच परतलेला उजेड चेहरा दाखवायला पुरतो.

काचेचा हाच गुण मोजूनमापून वाढवला की जे साधन तयार होते त्याला ‘बीम स्प्लिटर’ म्हणतात. सरळ मराठीत सांगायचे तर प्रकाशाचा झोत दुभागणारी काच. या महिन्यात तिच्याविषयी बोलायचे कारण आपल्या अगदी शेजारी आहे. ते पुढे येईलच. आधी ही काच किती प्रकारची असते ते पाहू.

सर्वांत सोपा प्रकार पट्टीचा. सपाट काचेच्या एका बाजूला अतिशय पातळ मुलामा देतात आणि ती झोताच्या वाटेत 45 अंशात तिरपी ठेवतात. अर्धा प्रकाश सरळ जातो, अर्धा काटकोनात वळतो. मुलामा बदलून हे प्रमाण 70-30 किंवा 90-10 सुद्धा करता येते. मुलामा धातूचा असेल तर थोडा प्रकाश तो शोषून घेतो. शिवाय काचेची मागची बाजूही थोडे परावर्तन करते, त्यामुळे एक फिकट दुसरी प्रतिमा उमटते. ती टाळण्यासाठी मागच्या बाजूला परावर्तन कमी करणारा वेगळा लेप द्यावा लागतो.

दुसरा प्रकार घनाचा. दोन काटकोनी लोलक त्यांच्या तिरप्या बाजूंनी एकमेकांना चिकटवतात आणि मुलामा त्या जोडात असतो. यात दुसरी प्रतिमा त्रास देत नाही आणि सरळ जाणारा झोत बाजूला सरकत नाही. पण घन वजनाला जड असतो, आणि फार शक्तिशाली लेझर पडला तर जोडातला चिकटपदार्थ खराब होऊ शकतो. तिसऱ्या प्रकारात काचेऐवजी काही मायक्रॉन जाडीचा ताणलेला पडदा असतो. तो इतका पातळ असतो की दुसरी प्रतिमा जवळजवळ उमटतच नाही, पण बोट लागले तरी फाटतो.

काही काचा प्रकाश निवडून वाटतात. एक प्रकार प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा पाहतो. एका दिशेची कंपने आरपार, तिच्या काटकोनातली माघारी. दुसरा प्रकार रंग पाहतो. अनेक प्रोजेक्टरमध्ये अशाच काचा पांढऱ्या उजेडातून लाल, हिरवा आणि निळा रंग वेगळे काढतात. घरोघरी येणाऱ्या फायबर इंटरनेटमध्ये काचेच्या एका तंतूतला प्रकाश 8, 16 किंवा 32 घरांत वाटणारी छोटी डबी असते. ती याच कुटुंबातली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनाही या युक्तीनेच वाट दाखवली. पूर्वी जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा पाहता येत नसे. आत पाहायला वाकावे तर पाहणाऱ्याचेच डोके उजेड अडवी. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने आपले उपकरण प्रसिद्ध केले. त्यात काचेच्या तिरप्या पट्ट्या दिव्याचा उजेड रोग्याच्या डोळ्यात वळवत आणि आतून परतलेला उजेड त्याच पट्ट्यांतून आरपार येऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यात पोचे. आज साखरेच्या आजारात डोळ्याचा पडदा वेळोवेळी तपासून घ्या, असे डॉक्टर सांगतात. त्या तपासणीची सुरुवात इथली आहे. ज्या घरात अम्मी-अब्बांना साखर आहे, त्यांनी ही तपासणी टाळू नये.

आता शेजारची गोष्ट. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारायची आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये केंद्राने तिला तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि 2030 पर्यंत काम पुरे करण्याचे उद्दिष्ट सांगण्यात आले. पुण्याची आयुका ही संस्था या कामात आहे. न्यूट्रॉन तारे किंवा कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात गुरुत्वीय लहरी उठतात. त्या टिपण्याचे हे यंत्र, आणि त्याच्या मधोमध असते एक बीम स्प्लिटर.

यंत्राची रचना अशी. लेझरचा झोत तिरप्या काचेवर पडतो आणि दुभागतो. एकमेकींना काटकोनात असलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्यांमधून दोन्ही झोत जातात. आरशांमध्ये सुमारे 300 वेळा उसळल्याने ते जणू 1,200 किलोमीटर चालून येतात आणि त्याच काचेपाशी पुन्हा भेटतात. सहस्रकुंडला पैनगंगेच्या धारा खडकांनी फुटतात आणि खाली पुन्हा एक होतात, तसेच काहीसे. फरक इतकाच की इथे लहरींचा मेळ असा बसवलेला असतो की एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडावा. मग प्रकाश टिपणाऱ्या बाजूला अंधार होतो. तो प्रकाश कुठे गेला, असे मुले विचारतात. तो संपलेला नसतो, लेझरच्या दिशेने परत गेलेला असतो.

गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते. मेळ चुकतो आणि अंधाराच्या जागी उजेड झिरपतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांनी असाच इशारा प्रथम टिपला. भुजेतला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पट लहान होता, आणि ज्या टकरीतून लहर निघाली ती 1 अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी झाली होती. या कामाला 2017 चे नोबेल मिळाले. लहर नेमकी कोणत्या दिशेने आली हे कळायला एकमेकांपासून दूर असलेली अनेक यंत्रे लागतात. म्हणून औंढ्याच्या यंत्राची जगाला गरज आहे.

अशा वेळी आपल्याकडे इब्नुल हैसम यांचे नाव निघते, आणि ते निघायलाच हवे. बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने सुमारे 1,000 वर्षांपूर्वी कैरोत ‘किताबुल मनाझिर’ सात भागांत लिहिली. त्यातले तीन भाग परावर्तनावर आहेत आणि सातवा अपवर्तनावर. बीम स्प्लिटर त्यांनी बनवला नव्हता, ते श्रेय त्यांच्या पदरात घालायची गरजही नाही. त्यांचे मोठेपण असे की जुन्यांनी लिहिले म्हणून त्यांनी मानले नाही, अंधाऱ्या खोलीत उजेड आणून तपासून पाहिले. त्यांचे नाव घ्यायचे आणि घरातल्या मुलीची तालीम दहावीला थांबवायची, या दोन गोष्टी एका घरात शोभत नाहीत.

आमचे म्हणणे एवढेच. परावर्तन, अपवर्तन आणि गुरुत्वाकर्षण हे नववी-दहावीचे धडे आपली मुले मार्कांपुरते पाठ करतात, आणि त्याच धड्यांवर चालणारे यंत्र शेजारच्या जिल्ह्यात येत आहे. तिथे फक्त पीएचडी झालेलेच लागतील असे नाही. अशा ठिकाणी निर्वात पंप, वीज, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक या सगळ्यांचे जाणकार लागतात. आयटीआय, पॉलिटेक्निक, बीएस्सी या वाटा आपल्याच मुलांच्या आहेत. यंत्र सुरू होईल तेव्हा आज नववीत असलेला मुलगा, असलेली मुलगी कमावत्या वयाची झालेली असेल.

सुरुवात घरीच करा. फोटोफ्रेमची काच टेबलावर उभी करा, तिच्या कडांना चिकटपट्टी लावा. अलीकडे पेटती मेणबत्ती ठेवा आणि पलीकडे, नेमक्या तितक्याच अंतरावर, पाण्याने भरलेला पेला. मोठे माणूस जवळ असू द्या. दिवा मालवून अलीकडून, थोडे बाजूने काचेत पाहा. ज्योत पाण्यात जळताना दिसेल. आता पेला थोडा मागे सरकवा, ज्योत पाण्याबाहेर येईल. असे का झाले ते मुलांना विचारा आणि लगेच उत्तर सांगू नका. पट्टीने दोन्ही अंतरे त्यांनाच मोजू द्या.