वहाण पायातच बरी!

चपला-बुटांविषयी आपल्या समाजाचे मत फारसे चांगले नाही. त्यांना देवळात प्रवेश नाही, माजघरात प्रवेश नाही, आणि सभेत त्यांनी प्रवेश केलाच तर तो हवेतून. दोन माणसांचे बिनसले की पहिला उद्धार पायताणाचा होतो. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण तर आपण अशा थाटात ऐकवतो, की जणू वहाणेने उद्या आमदारकीला उभे राहायचे ठरवले आहे. म्हणीचा रोख कोणाकडे असतो ते सांगायला नको. जो खाली आहे त्याने खालीच राहावे, एवढाच तिचा अर्थ.

माझे म्हणणे असे, की अर्थ राहू द्या, ती म्हण निदान शब्दशः तरी पाळा! पडघ्याच्या आसपासच्या बांधकामांवर स्टोअरकीपर म्हणून मी बरीच वर्षे काढली. वहाण कुठे कुठे असते ते मी पाहिले आहे. ती गेटवरच्या खोक्यात असते, स्टोअरच्या फळीवर असते, ठेकेदाराच्या बिलात तर हमखास असते. नसते ती फक्त पायात.

पडघा हे भिवंडी तालुक्यातले, जुन्या आग्रा रोडवरचे गाव. एके काळी इथे भाताची खाचरे होती. आता खाचरे कमी आणि गोदामे जास्त. चंद्रपूरहून सातशेहून अधिक किलोमीटर तारांवरून आलेली पाच लाख व्होल्टची वीज इथेच उतरते. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरा झाला, तोही शेजारच्या आमण्याला येऊन टेकला. थोडक्यात, देशाचे जेवढे म्हणून जड सामान आहे ते आमच्याकडे येऊन उतरते. आणि ज्या पायांच्या आसपास ते उतरते ते पाय रबरी स्लिपरमध्ये असतात. समृद्धी आमण्यापर्यंत आली, हे खरेच. पावलापर्यंत यायची तेवढी राहिली आहे.

आता कोणी म्हणेल, “अहो, बूट देतात की सगळ्यांना!” देतात. साइटवर बुटांच्या तीन जाती असतात. पहिली जात साहेबांची. तपकिरी कातडे, दुहेरी शिलाई, घोट्यापर्यंत उंच, आणि चिखलाशी संबंध फक्त मोटारीच्या काचेतून. दुसरी जात पाहुण्यांची. गेटवर एक खोके असते, त्यात हात घालायचा आणि नशिबात येईल तो जोड चढवायचा. ‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याने हे खोके पाहिलेले असणार. तिसरी जात मजुरांची. हे बूट गठ्ठ्याने येतात. रंग काळा, वजन विटेइतके, आणि पुढचा भाग दोन्ही बाजूंनी असा सुजलेला, की बुटाला गालगुंड झाले आहे की काय असे वाटावे.

“काय हो, जरा बरे दिसणारे बूट नाही का मिळत?” असे मी एका ठेकेदाराला विचारले. तो माझ्याकडे पाहून हसला. म्हणाला, “स्टोअरकीपर, साइटवर दिसण्याला काय करायचंय? लग्नाला जायचंय काय त्यांना?”

माझे सगळे भांडण या एका वाक्याशी आहे. लग्नालाच जायचे असते हो! लग्नाला नाही तर बाजाराला, पोराच्या शाळेत, बँकेत. खडवलीला लोकल धरून येणारा पोरगा स्टेशनपासून सहा आसनी रिक्षात चौघांच्या मांडीला मांडी लावून बसतो. त्याला वाटते, आपण माणसात दिसावे. म्हणून तो घरून स्लिपरवर निघतो आणि ते गालगुंडवाले बूट स्टोअरमध्ये ठेवतो. सकाळी यायला पाच मिनिटे उशीर झाला, की बूट फळीवर आणि पोरगा स्लॅबवर. सेफ्टी ऑफिसरची शिट्टी ऐकू आली की तो धावत येऊन बूट चढवतो आणि शिट्टी दूर गेली की काढतो. ज्या बुटाची लाज वाटते तो बूट माणूस वापरत नाही, फक्त हजेरीला दाखवतो. तेव्हा बुटाचे देखणेपण ही चैन नव्हे. बूट पायात टिकावा म्हणून मारलेली ती पहिली शिलाई आहे.

पण आपल्याकडे पादत्राणाची पूजा पायापेक्षा जास्त, हे जुनेच दुखणे. रामचंद्र वनवासाला निघाले. चौदा वर्षे काट्याकुट्यांतून चालायचे, म्हणजे शुद्ध साइटवरची नोकरी. अशा वेळी भरताने काय मागून नेले, तर पादुका! आणि नेऊन ठेवल्या कुठे, तर सिंहासनावर. भरताची भक्ती थोर, त्याबद्दल वाद नाही. पण साइटवरच्या माणसाचे पादत्राण हेडऑफिसात जमा होण्याची प्रथा तेव्हापासूनची असावी, असा मला दाट संशय आहे.

टिकाऊ आहे म्हणजे कुरूप असणारच, ही समजूत तर अगदीच परकी. आपल्या मातीतली कोल्हापुरी पाहा. ऊन, धूळ, ढेकळे यांतून चालण्यासाठी झालेली ही वहाण. तळ चामड्याचा, शिवण चामड्याच्या वादीची, खिळ्याचे काम नाही. आणि रूप? करकर वाजवत पाटील चावडीवर आले की अंगावरचे धोतरही उजळून दिसायचे. तीच चप्पल शेतात आणि तीच सोयरिकीला. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानला प्राडाच्या मंचावर तिच्यासारखी दिसणारी वहाण गोरे तरुण घालून फिरले, त्यावरून केवढा गहजब झाला! चर्मकाराने कामाची वस्तू देखणी केली होती म्हणूनच ना?

साहेबाच्या देशातही हेच. जर्मन डॉक्टर क्लाउस मेर्टेन्स यांचा घोटा दुखावला म्हणून त्यांनी हवेच्या गादीचा तळ शोधला. त्यावर इंग्लंडात १ एप्रिल १९६० रोजी ‘१४६०’ नावाचा बूट निघाला. तो घालायचे पोस्टमन आणि कारखान्यातले कामगार. पुढे तो गाणाऱ्या-बजावणाऱ्या पोरांनी डोक्यावर घेतला. अमेरिकेत १९७३ साली टिंबरलँडचा पिवळा, पाण्यात टिकणारा बूट आला, तोही कष्टकऱ्यांसाठी. आज आमच्या ठाण्या-मुंबईच्या मॉलमध्ये ‘वर्क बूट’ म्हणून त्याची भावंडे मिळतात. ती घालतो कोण, तर दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा तरुण. म्हणजे ज्याला काम नाही उभ्याने, त्याच्या पायात कामाचा बूट. आणि जो दहा तास उभा, त्याच्या पायात न्हाणीघरातली स्लिपर. आता बोला!

तर बूट घ्यावा कसा? हा विषय मला इतक्यांनी विचारला आहे, की एकदाचे छापूनच टाकतो.

पहिली गोष्ट, दिसण्याच्या आधी छाप पाहावी. आय.एस.आय.ची खूण आणि आय.एस. १५२९८, भाग २, हा आकडा. या बुटाच्या टोकातली टोपी २०० जूलचा मार खाते, म्हणजे सुमारे वीस किलोचे धोंड एक मीटरवरून बोटांवर पडले तरी बोटे शाबूत. आणि दीड टनाच्या आसपास दाब सोसते. टोपी पोलादाचीच हवी असे नाही. हलक्या कंपोझिटचीही मिळते, आणि तिच्यामुळे बुटाचा गालही कमी सुजतो. दुसरे, आमच्या बाजूला एस-३ प्रकारचा घ्यावा. त्याच्या तळव्यात खिळा अडवणारा थर असतो, कातड्यातून पाणी सहज आत येत नाही आणि तळाला खोल दाते असतात. पडघ्याच्या पावसात दाते नसलेला तळ म्हणजे स्वखर्चाने केलेली घसरगुंडी. तिसरे, ‘अँटिस्टॅटिक’ असे वाचून कोणी विजेच्या तारेशी सलगी करू नये. तो बूट अंगावर साठलेली स्थिर वीज जमिनीत सोडतो. धक्क्यापासून वाचवणारा बूट निराळा, आणि पाच लाख व्होल्टच्या शेजाऱ्यांनी हा फरक पाठच करावा.

चौथे, बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभरात पाऊल थोडे फुगते. रोजचेच मोजे घालून बघावा आणि दुकानात चार फेऱ्या माराव्यात, दुकानदाराने घड्याळाकडे पाहिले तरी. आपल्या भाषेत नवी चप्पल चावते, पण ती पुढे माणसाळते. पोलादी टोपी माणसाळत नाही. ती पहिल्या दिवशी चावली तर शेवटच्या दिवशीही चावणार. पाचवे, कातडे खऱ्या पृष्ठभागाचे असावे. वर नुसता रंगाचा लेप असला तर वळणाच्या जागी भेगा पडतात. चांगले कातडे पॉलिश पिते आणि वयाबरोबर सुंदर होते. (हे भाग्य आपल्या कातड्याला नाही.) रंग तपकिरी घ्यावा, खडीची धूळ काळ्यावर बोंबलते. शिवलेला तळ झिजला तर चांभारदादा नवा लावून देतात. ओतीव तळ गेला की बूटच गेला.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घेतलेला बूट घालावा! आमच्या आळीतल्या एका काकांनी पॉलियुरेथेनच्या तळाचा उत्तम बूट आणून खोक्यात जपून ठेवला. पाच-सहा पावसाळे तो कपाटात बसला. हा तळ दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. पुतण्याच्या वरातीत काकांनी बूट बाहेर काढला आणि बँडच्या तिसऱ्या गाण्याला दोन्ही तळ रस्त्यात ठेवून काका नुसत्या वरच्या भागावर नाचत पुढे गेले. जपण्याने बूट टिकत नाही. भिजला तर वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा, चुलीपाशी नव्हे, आणि जमल्यास दोन जोड आलटूनपालटून वापरावेत. एवढी सेवा त्याला पुरे.

दोन जोड! हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एक बाई येते. आमच्या एका साइटवर घमेली उचलायला असलेली, जवळच्याच वाडीवरची. सेंटरिंगच्या फळीचा खिळा तिच्या स्लिपरमधून आरपार गेला. धनुर्वाताची सुई झाली, आठ दिवसांची मजुरी बुडाली. चौकशीच्या कागदावर ‘कामगाराने बूट घातले नव्हते’ असे वाक्य आले. मी तिला विचारले, “मावशी, बूट दिले होते ना? मग?”

ती म्हणाली, “दादा, आठ नंबरचा बूट दिलाय. एका बुटात माझे दोन पाय मावतात. चिंध्या कोंबल्या, तरी शिडीवर निघून पडायचा. पडून मरण्यापेक्षा काढून ठेवला.”

मी स्टोअरमध्ये जाऊन पाहिले. सहा नंबरपासून पुढे सगळे होते. चार नंबर नव्हता. तो मागवावा असे मी लिहून दिले, तर वरून उत्तर आले, की बायकांची मापे मोठ्या ऑर्डरीत येत नाहीत. त्या ऑर्डरीत साहेबाच्या पाहुण्यांसाठी मात्र अकरा नंबर होता. न जाणो, एखादा अकरा नंबरी यायचा!

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या संहितेने घेतली. नोंदणी झालेल्या कामगारांना राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडून सुरक्षा संचाची पेटीही वाटली गेली, तीत हेल्मेट असते आणि बूटही. सगळे चांगलेच आहे. पण कायदा पायाला लागत नाही, माप लागते. महाराज आग्र्याहून पेटाऱ्यातून सुटले. आग्रा रोडवरच्या आमच्या बायाबापड्यांची सुटका नुसत्या पेटीने व्हायची नाही. पेटी उघडल्यावर आत चार नंबरचा, हलका, चार माणसांत घालून जावासा वाटणारा बूट निघाला पाहिजे.

महागात पडेल, म्हणतात. एक बरा जोड आणि एका माणसाची आठ दिवसांची मजुरी यांचा हिशेब कोणीही मांडून पाहावा. मी स्टोअरकीपर आहे, मला बेरीज येते. ज्याला येत नाही त्याने एक करावे. स्लिपर घालून, डोक्यावर घमेले घेऊन, सेंटरिंगच्या फळ्यांवरून एक फेरी मारावी. खाली येईपर्यंत त्याला बूट कसा असावा याविषयी ठाम मते झालेली असतील.

आम्ही वहाणेला सिंहासन मागत नाही, मिलानचा मंच मागत नाही. पायातली वहाण पायातच बरी, हे आम्हाला एकदम कबूल आहे. फक्त ती पायाच्या मापाची द्या, आणि अशी द्या की संध्याकाळी साइट सुटल्यावरही ती काढावीशी वाटू नये.