जबडा काढला, पुढे काय?

2021 च्या दुसऱ्या लाटेत कोरोनातून वाचलेल्या अनेकांना म्युकरमायकोसिसने गाठले. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. (बुरशी काळी नसते, रक्त न पोचल्याने मेलेला भाग काळा पडतो.) बेसुमार स्टेरॉइड आणि वेळेवर न तपासलेली साखर ही त्यामागची मोठी कारणे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर देशात 51 हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. जीव वाचवायला कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. मे 2021 मध्ये शासनाने हा आजार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला, ते योग्यच झाले.

पण पुढे काय? टाळूला भोक पडते. पाणी प्याले की नाकातून येते, बोलणे गेंगाणे होते. ज्वारीची भाकरी चावता येत नाही. अशा माणसाला ऊसतोडीचा मुकादम उचल देईल काय?

यावर उपाय आहे. भोक बुजवणारी दातांची कवळी करता येते. वरचे हाड उरले नसेल तर गालाच्या हाडात लांब स्क्रू रोवून त्यावर दात बसवता येतात. मात्र जखम पहिले काही महिने आकसत जाते, म्हणून कवळी पुन्हा करावी लागते. म्हणजे खेपा आल्या. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण दंत महाविद्यालये खासगी संस्थांची. शासकीय दंत महाविद्यालय गाठायचे तर छत्रपती संभाजीनगर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. किनवटच्या किंवा निलंग्याच्या मजुराने एका मापासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवायची!

पाय गेला तर कृत्रिम पाय द्यावा, हे शासनाला कधीच पटले आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार मोजले आहेत; जबडा गमावलेल्याच्या नावाचा प्रकार त्यात नाही. दात बसवणे म्हणजे हौस, असे आम्हाला ऐकवले जाते. ज्याच्या घरी दूध-फळे येत नाहीत त्याला भाकरी तरी चावता आली पाहिजे की नाही?

आमची मागणी साधी आहे. ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच शेवटच्या दातापर्यंतचा खर्च धरा. दोन्ही शासकीय महाविद्यालयांत कृत्रिम जबडा बनवणारा तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा द्या. 2021 च्या ऑपरेशनच्या नोंदी दप्तरातून काढून एकेकाला बोलावून घ्या.

आपल्या वस्तीत तोंडाला रुमाल बांधून बसलेला असा कोणी असेल, तर कार्यकर्त्यांनी त्याचे डिस्चार्ज कार्ड घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज द्यावा. आणि पोच घेतल्याशिवाय परतू नये.